अजून दुखतंय

सुई आत गेली आणि काहीच झालं नाही. मिसबाहने ती किंचित मागे घेतली, कोन बदलला आणि पुन्हा हलकेच पुढे सरकवली. एरवी या ठिकाणी, मानेकडून खांद्याकडे उतरणाऱ्या मांसल उतारावर, सुईचं टोक गाठीला लागलं की स्नायू आतल्या आत एकदा टुणकन उडायचा आणि कुसुमलताकाकी "अगं बाई गं" म्हणून पाय आखडून घ्यायच्या. आज बोटांखाली सगळं मऊ होतं. मळून ठेवलेल्या कणकेसारखं. गाठ नव्हतीच. "दुखलं?" मिसबाहने सवयीने विचारलं. काकी पालथ्या झोपल्या होत्या, त्यांचं तोंड पलंगाच्या भोकात होतं, त्यामुळे आवाज खालून, फरशीवरून आल्यासारखा आला. "दुखतंय ना बेटा. अजून दुखतंय. काल तर हात कपाळापर्यंतसुद्धा गेला नाही." आणि त्यांच्या डोक्यावर मागच्या बाजूला, उंच, घट्ट बांधलेला अंबाडा होता. पाच-सहा आकडे खोचलेला. घरात दुसरं कुणी नसलेल्या बाईच्या डोक्यावरचा अंबाडा. मिसबाहने तो पाहिला. आता म्हणायचं होतं, काकी, तुम्ही बऱ्या झालात. चार शब्दांचं काम. तिने दुसऱ्या सुईचं पाकीट उचललं आणि फाडलं. कागद फाटल्याचा तो बारीक आवाज तिला इतका मोठा वाटला की पडद्यापलीकडचा पंखा क्षणभर थांबलाय असा तिला भास झाला.

नंतर, दवाखाना बंद करून जिना उतरताना, तिला त्या फाडण्याचं नवल वाटत राहिलं. ती काही लबाड बाई नव्हती. जळगावात मेडिकलच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत तिने फिजिओथेरपीचा दवाखाना टाकला, तेव्हापासून गरज नसताना तिने कुणाला शेकसुद्धा दिला नव्हता. सुया लावायचं ती नंतर शिकली होती. व्यायाम आणि मालिश एका हद्दीपर्यंत जातात, त्यापुढे दुखणं आत दडून बसतं, तिथे ही केसासारखी सुई पोचते, असं ती पेशंटना समजावून सांगायची. सुईत औषध नसतं, हे ऐकून लोक नाराज व्हायचे. नुसतीच टोचता? हो, नुसतीच. शरीराला आठवण करून द्यायची, की इथे काहीतरी आहे, इकडे लक्ष दे. हे वाक्य तिने किती जणांना ऐकवलं असेल, पण ते स्वतःला कधी ऐकू आलं नव्हतं. दिवसभर तिचे हात लोकांच्या अंगावर असायचे. गुडघे, कंबरा, टाचा, केळीचे घड वाहून कलते झालेले खांदे, शिवणयंत्रावर वाकलेल्या माना. आणि तिच्या स्वतःच्या अंगाला शेवटचा हात कुणाचा लागला, हे आठवायला गेलं तर एसटीत सुटे पैसे देणाऱ्या कंडक्टरची बोटं आठवायची. धुळ्यात तिचं लग्न झालं होतं, ते दोन वर्षं टिकलं. साकिब वाईट माणूस नव्हता. मारलं नाही, ओरडला नाही. यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान होतं, दुपारी जेवायला घरी यायचा, ताट स्वतः उचलायचा. एकदाच म्हणाला होता, अगदी साध्या सुरात, जेवताना मीठ मागावं तसं, "तुझे हात दवाखान्यासारखे लागतात." त्यानंतर तिला त्याच्याकडे हात न्यायची भीतीच बसली. हात मध्येच थांबायचा. मग दोन्ही घरची मोठी माणसं बसली, चहा झाला, आणि काही न बिघडता सगळं मोडलं.

कुसुमलताकाकी पहिल्यांदा आल्या त्या हिवाळ्याच्या शेवटाला. रिक्षावाल्या धनसिंगने त्यांना जिन्यावर हात धरून आणलं होतं. साखरेचा जुना आजार, त्यात खांदा असा आखडला होता की हात बरगडीपासून वीतभरही सुटत नव्हता. पण त्या दुखण्याबद्दल बोलल्याच नाहीत. म्हणाल्या, "स्थानकात प्रवचनाला जाणं बंद झालंय माझं. साडी नेसता येत नाही, पदराला पिन लावता येत नाही. गाऊन घालून साध्वीजींपुढे कसं जायचं?" त्यांचे पती मोहनलालजी दाणा बाजारात डाळीचे व्यापारी होते, ते गेल्यावर मुलगा रोनक पुण्याला नोकरीत रमला, दुकान भाड्याने गेलं, आणि दुकानावरच्या चार खोल्यांत काकी एकट्या राहिल्या. ब्लाउजची हुकं लावायला त्या खालच्या दुकानदाराच्या बायकोला हाक मारायच्या, आणि ती नसली की दिवसभर गाऊनवर बसून राहायच्या. हे सांगताना त्या हसल्या होत्या. मिसबाहला तेव्हाच कळलं होतं की हा खांदा आपल्याला मोकळा करायचा आहे, कसंही करून. पहिल्या सुईला काकींनी डोळे गच्च मिटून नवकार मंत्र म्हटला. सुई गेली तरी त्या म्हणतच होत्या. "झालं काकी, कधीच गेली." "गेली?" आणि मग मुलीसारखं खुदकन हसू. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच. भिंतीवर बोटांनी चढायचं, कप्पीच्या दोरीने हात वर ओढायचा, मग सुया. हात हळूहळू सुटत गेला. एक दिवस त्या दारातूनच ओरडल्या, "बघ, आज पिन मी लावली, माझी मी!" आणि गोल फिरून पदर दाखवला. त्या दिवशी मिसबाह घरी जाताना उगाचच खरबूज घेऊन गेली होती आणि एकटीने अर्धं खाल्लं होतं. पण त्यानंतर काकींनी कधी असलं काही सांगितलं नाही. त्यानंतर फक्त, अजून दुखतंय.

सुया लावल्या की वीसेक मिनिटं त्या तशाच ठेवायच्या असतात. तेवढ्यात मिसबाह दुसऱ्या पडद्याआडच्या पेशंटकडे जायची. काकींच्या वेळी ती जायची नाही, स्टूल ओढून जवळ बसायची. कधीपासून, ते तिला सांगता आलं नसतं. काकी फरशीकडे तोंड करून बोलत राहायच्या. राजस्थानातल्या पालीहून लग्न होऊन बोदवडला आले तेव्हा मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, शेजारची कौतिकची आई रोज ओट्यावर बसून शिकवायची, ही चूल, हा तवा, हे रडू. "रडू हा शब्द पहिल्या आठवड्यातच शिकले बघ." रात्री गाडी गेली की घराच्या भांड्यांना कंप सुटायचा आणि त्यांना वाटायचं, ही गाडी माहेरी जाते. कुठली जाते, ती भुसावळला जायची. मिसबाह ऐकायची. तिचं स्वतःचं बोलणं फार नसायचं. एकदा तिने अम्मीबद्दल सांगितलं होतं, नूरबी नाव होतं, ती गेली तेव्हा मी परीक्षेला बसले होते, एवढंच. तेव्हा काकींनी पलंगाच्या कडेवरून लोंबणारा त्यांचा मोकळा हात हलवला होता, चाचपला होता, आणि मिसबाहच्या पांढऱ्या कोटाची बाही सापडल्यावर ती दोन बोटांत धरून ठेवली होती. हात नाही, बाही. सुया काढेपर्यंत सोडली नव्हती. आणि याच काकी दवाखान्यातलं पाणी कधी प्यायल्या नाहीत. घरून उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली आणायच्या, तहान लागली की तीच काढायच्या. हे धर्माच्या नियमातलं होतं की त्यापलीकडचं काही, मिसबाहने विचारलं नाही. असल्या गोष्टी विचारायच्या नसतात हे ती लहानपणीच शिकली होती. सबंध पाठ माझ्या हाताखाली, आणि ओठ माझ्या पेल्यापासून लांब. तिला राग येत नव्हता. फक्त बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला की ती खिडकीकडे पाहायची.

रविवारी ती धुळ्याला भावाकडे जायची. उजैर मनापासून बोलवायचा, "आपा, ये ना, मुलं विचारतात." एरंडोल, पारोळा, बाहेर उन्हाने पांढरी पडलेली शेतं, आणि मग ते घर, जिथे ती वाढली होती आणि जिथे आता भावजय सादिया तिला काचेच्या बशीत शेवया द्यायची. बाकी सगळे स्टीलच्या वाटीत खायचे. ती बशी पाहुण्यांची होती. सादियाच्या मनात काही नसायचं, उलट मानच होता तो. मुलं सलाम करून मोबाईलकडे परत जायची. उजैर विचारायचा, "दवाखाना कसा चाललाय?" ती म्हणायची, "बरा." मग सगळे छताच्या पंख्याबद्दल बोलायचे, यंदा ऊन लवकर आलंय. त्या रविवारी, काकींचा स्नायू उडाला नव्हता त्यानंतरच्या, तिला एकदम असं वाटलं की या घरात माझंही काही दुखत असतं तर बरं झालं असतं. दुखणाऱ्या माणसाला निदान विचारतात, कुठे. परतीच्या गाडीत ती मंगळवारची वाट पाहत होती, आणि आपण वाट पाहतो आहोत हे कळल्यावर तिला ओशाळल्यासारखं झालं, जणू शेजारच्या बाईने तिच्या मनात डोकावून पाहिलं होतं.

रोनकचा फोन मंगळवारी दुपारी आला. आवाज चांगला होता, घाईतला पण सभ्य. "मॅडम, आई अजून फरक नाही म्हणते. दोन महिने होऊन गेले. मी इथे पुण्यात दाखवायचं ठरवलंय. भूल देऊन खांदा मोकळा करतात म्हणे, नाहीतर दुर्बिणीतून ऑपरेशन. तुमचं काय मत आहे? आई तर तयार आहे." मिसबाहच्या हातात त्या वेळी कुणाचा तरी घोटा होता. "तयार आहेत?" "हो, उलट तीच मागे लागलीय." तिने म्हटलं, मी तपासून कळवते. तपासायचं काय होतं? एका धडधाकट खांद्यासाठी एका साखर असलेल्या म्हाताऱ्या बाईला भूल देणार होते, आणि स्नायू न उडालेल्या त्या दिवशी मी एक वाक्य बोलले असते तर हा फोन आलाच नसता. दुपारभर तिचे हात काम करत राहिले, आणि त्या हातांच्या वर कुठेतरी ती एकटी उभी होती.

संध्याकाळी काकी आल्या तेव्हा तिने सुयांची पाकिटं काढलीच नाहीत. त्यांना पलंगावर बसवलं, समोर स्टुलावर बसली. "काकी, ऑपरेशनची गरज नाही. खांदा सुटलाय तुमचा." खाली रस्त्यावर केळीचा ट्रक मागे घेत होते, कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं. मग काकी म्हणाल्या, "मला माहीत आहे."

"मग?"

"ऑपरेशन झालं की महिनाभर तिथे ठेवून घेतील ना. आयुषी रजा घेणार म्हणाली. माझी सून. म्हणाली, मम्मीजी, तुमची वेणी मी घालीन." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

"नुसतं जाऊन राहा की."

"नुसतं?" काकी तिच्याकडे अशा बघत राहिल्या, जणू तिलाच मराठी शिकवायची राहिली होती. "नुसतं गेलं की दोन दिवसांनी विचारतात, परतीचं तिकीट कधीचं काढू? प्रेमाने विचारतात, वाईट नाहीत पोरं. पण विचारतात. आजारी माणसाला कुणी तिकीट विचारत नाही."

"भूल असते काकी. तुमची साखर, वय. काही झालं म्हणजे?"

"झालं तर झालं."

"मी रोनकभाईंना सांगणार."

यावर काकी पुढे झुकल्या. आवाज चढला नाही, उलट उतरला. "सांग ना. पण तू पण तर टोचत होतीस, बेटा. तुला पण माहीत होतं. त्या दिवशी सुई लावताना तुझा हात थांबला होता, मला पाठीत कळलं. मी मनात म्हटलं, आता ही मला घरी पाठवणार. आणि तू दुसरी सुई काढलीस. मी म्हटलं, असू दे. हिलाही बरं वाटतंय."

इतके दिवस मिसबाहला वाटत होतं की आपण काकींचं गुपित सांभाळतो आहोत. म्हणजे पालथं पडून, फरशीकडे तोंड करून, त्याच तिचं सांभाळत होत्या तर. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शरमेने की कुणीतरी आपल्याला पाहिल्याच्या सुखाने, तिला वेगळं करता येईना. काकी उठल्या, बाटली पिशवीत ठेवली, आणि दाराशी जाऊन थांबल्या. "सांगू नकोस," म्हणाल्या. "माझ्यापाशी दुसरं काही नाही गं."

तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी, उभ्याउभ्याच. रोनक आधी सुटल्यासारखा हसला, मग थबकला. "म्हणजे आई खोटं बोलत होती?" "हो." "आणि तुम्ही? तुम्हाला केव्हा कळलं?" तिला म्हणता आलं असतं, कालच. "मला आधीच कळलं होतं. तरी मी सुया लावत राहिले." "कमाल आहे तुमची," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. "त्यांना घेऊन जा थोडे दिवस," मिसबाह घाईने म्हणाली, "खांद्यासाठी नको. तसंच." "बघतो. सध्या आयुषीच्या ऑफिसचं जरा..." आणि मग त्याने थँक्यू म्हटलं, जसं चुकीच्या नंबरला म्हणतात.

शुक्रवारी पाचला धनसिंग एकटाच जिना चढून आला, दारात चप्पल काढून उभा राहिला. "शेठाणीनी निरोप धाडा शे, डॉक्टरबाई. आते येवाव नहीत त्या. बठ्ठं बरं शे म्हने." काकी आता येणार नाहीत, सगळं बरं आहे, हा निरोप सांगून झाला तरी तो तिथेच घुटमळला. "भांडण व्हयनं का काही?" ती म्हणाली, नाही, बऱ्या झाल्या त्या. धनसिंगला ते पटलं नाही, पण तो गेला.

पाचची वेळ तिने कुणाला दिली नाही. कारण कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या वेळात ती पडदे सारखे करायची, सुयांची पाकिटं लावून ठेवायची, खिडकीतून खालची वर्दळ पाहायची. रात्री झोपताना तिची मान आखडू लागली होती. पूर्वीही दुखायची, पण आता दुखणं एकाच जागी येऊन बसलं, जणू त्याला तिथे रिकामी खुर्ची सापडली होती. एका मंगळवारी ती काकींच्या पलंगावर जाऊन बसली, कोटाची एक बाजू उतरवली, आरशात पाहून आपल्याच खांद्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि डाव्या हाताने उजव्या खांद्यात सुई लावली. हे करू नये असं ती स्वतःच कधीमधी दवाखान्यात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगायची. टोक गाठीला लागलं आणि स्नायू उडाला. इतक्या जोरात, की तिच्या तोंडून आवाज फुटला. कुणीतरी आतून दार ठोठावावं तसं ते होतं. "दुखलं?" तिने मोठ्याने विचारलं. खोलीत तिचा आवाज अगदी डॉक्टरचा वाटला, शांत, काळजीचा, पगारी. उत्तर द्यायला कुणी नव्हतं. ती सुई खांद्यात तशीच ठेवून बराच वेळ बसून राहिली, आणि आपण रडतो आहोत का हे पाहण्यासाठी तिला आरशात बघावं लागलं. रडत नव्हती. नुसती वाट पाहणाऱ्या माणसासारखी दिसत होती.

उन्हाळा पार पेटलेला असताना, बाजारात, तिला काकी दिसल्या. संध्याकाळची गर्दी होती, लग्नसराईची. भांड्यांच्या दुकानात दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाईकात गुंतला होता आणि काकी रस्त्यावरच उभ्या राहून, टाचा उंचावून, दुकानाबाहेर मांडलेल्या वरच्या फळीवरचा डबा काढत होत्या. हात सरळ वर गेला होता, कोपर ताठ, दंड कानाला टेकलेला. पूर्ण. मिसबाह रस्त्यात उभी राहिली. पहिल्यांदा तिला जे वाटलं तो शुद्ध आनंद होता, आपण घडवलेली वस्तू कुणाच्या घरात वापरात दिसावी तसा; त्यात दुःख मिसळायला दोन श्वास लागले. काकींनी डबा काढला, झाकण उघडून आत पाहिलं, वळल्या, आणि त्यांची नजर मिसबाहवर पडली. हात झटकन खाली आला. दुसरा हात आपोआप खांद्यावर गेला. चेहरा किंचित आक्रसला, भुवया जवळ आल्या, आणि डबा काखेत धरून त्या तशाच उभ्या राहिल्या, खांदा धरून, तिच्याकडे पाहत. इतकं वाईट सोंग मिसबाहने कधी पाहिलं नव्हतं.

ती जवळ गेली. "रोनकभाई आले होते?"

"आला होता. एक दिवस. खूप बोलला." काकींनी मान फिरवली. "मग म्हणाला, आई, कंटाळा आला तर फोन करत जा. फोन." डबा काखेत घट्ट धरत म्हणाल्या, "तुझ्यावर रागावले होते मी."

"हो."

"अजून आहे थोडा."

"असू दे." मिसबाहने त्यांच्या हाताकडे पाहिलं, खांद्यावरच होता तो. "दुखतंय?"

"खूप."

"कुठे?"

काकींनी आपला हात काढला आणि ती जागा मोकळी केली. मिसबाहने तिथे हात ठेवला. भर रस्त्यात, हातमोजा नाही, स्पिरिट नाही, उन्हाने तापलेल्या सुती पदरावर. बोटांखाली मऊ, निरोगी स्नायू होता. तो उडाला नाही, आखडला नाही, फक्त तिच्या तळव्याखाली हळूहळू सैल होत गेला. "मंगळवारी येऊ?" काकींनी विचारलं. मिसबाह म्हणाली, "सुया नाही लावणार मी." "मग काय करशील?" याचं उत्तर तिला कुठल्याच शिक्षणात मिळालेलं नव्हतं. हात आता कधी काढायचा, हे तिला कळेना. दवाखान्यात वेळ संपली की काढायचा असतो. मागून हातगाडीवाला ओरडला, "ओ बाई, सरका ना बाजूला," आणि दोघी दुकानाच्या पायरीकडे सरकल्या, एक पाऊल, काकींच्या काखेत डबा आणि खांद्यावर तो हात तसाच.